ओढ्यात पाय घालायचा नाही

१२ सप्टेंबर १९५३

लिही, की मी दिवोता, वय बहात्तर, मला अक्षर येत नाही. इथं जे आहे ते माझ्या तोंडचं आणि हात माझ्या सुनेचा, सावेरियाचा. ती बंदरावरच्या शहरातली. लग्नाआधी शाळेत शिकवायची, त्यामुळं जगातलं सगळं वहीत मावतं असं तिला वाटतं. वही माझ्या नातीची, नुंझियाची. तिची शाळा पुढच्या महिन्यात सुरू होईल, तोवर पहिली पानं मी खराब करते. खराब लिहिलंस ना? लिही. तोंडातून येईल ते सगळं लिहायचं असं ठरलंय.

सावेरिया म्हणते, "आई, स्वप्न तुम्ही सकाळी एक सांगता, जेवताना दुसरं. लिहून ठेवू." म्हणून ही वही.

आमच्या डोंगरात काही माणसं झोपेत शिकारीला जातात. त्यांना माझ्झेरी म्हणतात. मी त्यातली. अठरा वर्षांची होते तेव्हा मावशीनं झोपेतून हाक मारली, तेव्हापासून जाते. अंग अंथरुणात असतं आणि आपण ओढ्याच्या उताराशी, जिथून पाणी ओलांडता येतं तिथं, काठी घेऊन उभे. पलीकडून जे पहिलं जनावर येईल ते मारायचं, उलटं करायचं, तोंड बघायचं. त्या तोंडात गावातलं कुणीतरी दिसतं. ते माणूस वर्षाच्या आत जातं. जनावर नुसतं जखमी झालं तर माणूस अंथरूण धरतं आणि उठतं. माझा कुणावर राग नसतो. राग आला म्हणून मारता आलं असतं तर माझी सासू आधी गेली असती. ती नव्वदीपर्यंत जगली. माझा डावा कान तिनंच फाडला, कानातलं ओढून. पाळीचे दोन तुकडे अजून लोंबतात, पावसाळी हवेत दुखतात.

मावशीनं दोन गोष्टी शिकवल्या. मारल्यावर रडायचं नाही. आणि ओढ्यात पाय घालायचा नाही, काठावर शिकारी, पाण्यात जनावर. का, ते मी विचारलं नाही. मावशीला का विचारलं की ती कानाखाली वाजवायची.

गेल्या सोमवारी पलीकडच्या काठावर रानडुक्कर आलं. तरुण नर. पाण्याशी थांबून त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मारण्याआधीच मला त्याचा चेहरा कळला. चौपन्न वर्षांत असं झालं नव्हतं. कुणाचा, ते आज सांगत नाही. लिहिणारीचा हात थांबेल.

१५ सप्टेंबर

तीन दिवस ती मागं लागली होती. आज बटाटे सोलताना पुन्हा.

"चेहरा कुणाचा होता, आई?"

"पाद्रीबाबांचा."

"खोटं. पाद्रीबाबांचा असता तर तुम्ही पहिल्या दिवशीच सांगितला असता, तोही हसत."

मग मी सांगितलं की डुकराच्या डाव्या भुवईत खाच होती. त्या भुवईशेजारी ती सात वर्षं झोपते आहे. तिनं वाक्य पुरं लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. कोंबड्यांना सकाळीच टाकले होते. परत येऊन पेन उचललं.

"पुढं."

"तुझा तर विश्वास नाही असल्या गोष्टींवर."

"नाही," म्हणाली. "पुढं सांगा."

ओर्सु माझा एकुलता एक. वरच्या जंगलातून पाइनचे ओंडके ट्रकमध्ये घालून बंदरावर नेतो. त्या वाटेला सरकार रस्ता म्हणतं. रात्री जेवताना मी त्याला म्हटलं, वर्षभर ट्रक सोड.

"लाकडं काय आपल्या पायांनी खाली जाणार, आई?"

"वर्षभर नाही गेली तर कुणाचं अडतंय?"

"आपलंच. मग तू आम्हाला तिन्ही त्रिकाळ चेस्टनटची लापशी घालशील."

"दोनदा घालतेच आहे."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला राळेचा वास. त्याला यातलं काही सांगायचं नाही. सावजाला सांगितलं की ते भीतीनं स्वतःच पाण्याकडं येतं.

१९ सप्टेंबर

काल सकाळी काठी चुलीत घातली. द्राक्षाच्या जुन्या वेलाची, मावशीच्या हातची. वाळून खडखडीत झालेली, तरी तासभर पेट घेईना. म्हटलं, काठीच नाही तर मारणार कशानं.

दुपारी डोळा लागला. ओढ्यावर पोचले. हात रिकामे, बरं वाटलं. डुक्कर आलं, या वेळी पाण्याच्या अगदी कडेला. मग ध्यानात आलं की माझे ओठ मागं सरकलेत आणि तोंडात दात आहेत. सगळे. जागेपणी मला सात आहेत. डुक्कर आपणहून मागं फिरलं म्हणून वाचलं.

उठले तर जिभेवर राठ केस होता, काळा, बोटभर लांब. सावेरियानं तो खिडकीशी उजेडात धरला. मग चुलीत टाकला. तो मात्र लगेच जळला.

२४ सप्टेंबर

सावेरियाचं डोकं चालतं, हे लिही. तुझ्याच हातानं लिहावं लागतंय त्याला माझा इलाज नाही.

ती म्हणाली, "तुमचा हात तुमचं ऐकत नाही, कारण तिथं असताना आपण झोपलोय हेच तुम्हाला ठाऊक नसतं. ते कळलं की हात तुमचा."

"आणि कळायचं कसं?"

"जागेपणी जे तुम्हाला कधीच जमत नाही असं काहीतरी तिथं करून बघायचं."

"जागेपणी मला तुझी कॉफी गोड मानून घेता येत नाही."

"दुसरं काही."

दुसरं म्हणजे वाचणं. उताराशी एक दगड आहे, कुठल्याशा पुराची नोंद कोरलेला. मला तिथं मुंग्यांची रांग दिसते. तर आता जिथं अक्षरं दिसतील तिथं थांबायचं आणि विचारायचं, दिवोता, तुला वाचता येतंय का? जागी आहेस की झोपेत? दिवसातून शंभर वेळा. जागेपणी जी खोड लागते ती झोपेतही बरोबर येते, असं तिचं म्हणणं. खरं आहे, माझा नवरा झोपेतही फुकट दारू मागायचा.

म्हणून आज मी कॉफीच्या डब्यासमोर उभी राहिले, पिठाच्या गोणीसमोर राहिले, चौकात युद्धात मेलेल्यांच्या नावांचा दगड आहे, त्याच्यासमोर तर अर्धा तास. माझा भाऊ तिथं आहे, खालून पाचव्या ओळीत. अक्षर कळत नाही, जागा कळते. हात लावून लावून तेवढी ओळ गुळगुळीत झालीय. पोस्टमास्तरची बायको मागं येऊन उभी. "काय वाचताय, दिवोतामावशी?"

"तुझं नाव आलंय का बघते."

गेली. पिशवी तिथंच विसरली.

३ ऑक्टोबर

काही नाही. नऊ दिवस नुसती वायफळ स्वप्नं. परवा ताजं ब्रोच्चु चीज खाल्लं, काल मेलेल्या सासूनं माझा बिछाना घडी घालून ठेवला. मनात येतं की ही सगळी म्हाताऱ्या पोटाची गडबड आहे, आणि मी एका चांगल्या पोरीची झोप उडवली. ओर्सु रोज पहाटे जातो. ती खिडकीशी उभी राहून ट्रकचा आवाज वळणं मोजत ऐकते. अकरा वळणं आहेत. अकरावं गेलं की मग चूल पेटवते.

६ ऑक्टोबर

वाचलं.

दुपारी पडले होते. ओढा, दगड, दगडावरच्या मुंग्या. सवयीनं विचारलं, येतंय का वाचता? आणि मुंग्या थांबल्या. मला कळलं. जसं भाकरी बघून भाकरी कळते तसं कळलं. लिहिलं होतं, "लिहिणारीचा हात थांबेल."

मला एवढा हर्ष झाला की मी सावेरियाला हाक मारली, आणि हाकेसरशी जागी झाले. तिला सांगितलं तर तिनं वही मागं उलटली आणि पहिल्या दिवसाच्या पानावर बोट ठेवलं. म्हणे हे तुमचंच वाक्य. मला आठवत नाही. दगडाला आठवतं.

११ ऑक्टोबर

बार्तुली आला होता. पलीकडच्या सोर्बेल्ला गावचा, बकऱ्यांच्या घंटा विकतो. तो आमच्यातलाच. मी वरच्या उताराशी उभी असते, तो खालच्या. माझ्या हातून सुटलेलं जनावर काठाकाठानं खाली जातं आणि त्याच्यासमोर पाण्यात उतरतं. तिथं त्याच्याकडं बंदूक असते. जागेपणी कोंबडी कापायलासुद्धा बायकोला सांगतो.

अंगणात बसवून कॉफी दिली. सावेरियाची. म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं तरी मी रागावले नाही.

"बार्तुली, एक डुक्कर आहे. भुवईत खाच असलेलं. ते खाली आलं तर जाऊ दे."

"बाई, मला विचारतेस? तू कधी एखादं सोडलंयस का?"

"मी शिकतेय."

"या वयात?"

"तुझ्याहून दोनच वर्षांनी मोठी आहे. तूही शीक."

त्यानं एक घंटा वाजवून बघितली, कानाशी धरली. "तिथं माझा हात माझा नसतो. समोरच्या पाण्यात जे उतरेल ते मी मारतो. ते कोण आहे हे मला उलटं केल्यावर कळतं. दिवोता, तुझ्याशी खोटं बोलून जाऊ का?"

"नको."

जाताना त्यानं नुंझियाला एक लहान घंटा दिली. ती आता घरभर वाजतेय.

म्हणजे नुसतं माझा हात आवरून भागत नाही. मी दचकून जागी झाले की डुक्कर खाली जाणार. स्वप्न धरून ठेवायला हवं, ते वर जंगलात परत फिरेपर्यंत.

१८ ऑक्टोबर

धरायचं कसं ते सापडलं. हर्ष करायचा नाही. कुणाचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की स्वप्न अंड्यासारखं फुटतं. आणि काठ विरायला लागला की तळहात एकमेकांवर चोळायचे, पीठ मळल्यासारखे. मळलं की काठ परत घट्ट होतो, दगड जड होतात, पाण्याला आवाज येतो. साठ वर्षं पीठ मळलं ते कुठंतरी कामाला आलं.

काल मी तिथं इतका वेळ होते की उताराजवळच्या झाडांना पालवी येऊन गळली. डुक्कर दोनदा आलं, दोनदा मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. हात खाली. माझा हात, माझा.

सावेरिया म्हणते दुपारी दोनला झोपलात, आज सकाळी नऊला उठलात, आणि मधे आरसा तोंडाशी धरून बघावं लागलं. तिनं माझ्यावर अर्धा घडा पाणी ओतलं. तरी मी म्हणते ती वेळ चुकतेय, तिचं घड्याळ शहरातलं आहे.

ती म्हणाली, "पुरे झालं आता. सोडून द्या."

"का? तुझा विश्वास तर नाही."

"तुम्ही उठणार नाही यावर आहे."

मग थोड्या वेळानं, पेन टेकवता टेकवता, "पुन्हा कधी पडणार आहात?" म्हणाली. हेही लिही. लाजू नकोस. तू त्याची बायको आहेस.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. दार उघडं ठेवलं, टेबलावर पाणी आणि दूध. सकाळी दूध अर्धं झालं होतं. मांजर, सावेरिया म्हणाली. मांजर आपण ऑगस्टमध्ये पुरलं, मी म्हणाले.

चार दिवस पाऊस आहे. रस्ता धुतला जातोय. डुक्कर आता गुडघाभर पाण्यात उभं असतं.

७ नोव्हेंबर

सगळं नीट लिही, मी पुन्हा सांगणार नाही.

ओर्सु पहाटे भरलेला ट्रक घेऊन गेला. मी आडवी पडले होते, पण सावेरियाबरोबर वळणं मोजत होते. सातव्यानंतर वारा आला, पुढचं काही ऐकू आलं नाही. मी उठून चेस्टनट सुकवायच्या खोलीत गेले. तिथं शेकोटी दिवसरात्र असते, धुरानं पापण्या जड होतात. सावेरियाला म्हटलं, मला उठवायचं नाही. पाणी ओतलंस तर नातीला सांगेन तुझी आई कशी आहे ते.

ओढा फुगला होता. दगडावर अक्षरं होती, आणि मी वाचलं. "अकरा." एवढंच. म्हणजे मी झोपेत होते आणि ते मला ठाऊक होतं. तळहात चोळले.

डुक्कर पाण्यात होतं, पोटापर्यंत. या वेळी ते माझ्याकडं बघत नव्हतं, खाली बघत होतं, बार्तुलीच्या उताराकडं. प्रवाह त्याला तिकडं ओढत होता. मी काठावरून दगड मारले, हुसकलं. ऐकेना. ओर्सु लहानपणीही असाच, हाक मारली की उलटा पळायचा. काठावरून भागणार नव्हतं.

म्हणून मी पाण्यात उतरले.

मावशीची आठवण आली, पण मावशी मेलेली आहे आणि मी बहात्तर वर्षांची आहे, माझ्या कानाखाली आता कोण वाजवणार. पाणी थंड नव्हतं. कोमट दुधासारखं होतं. चालणं इतकं सोपं झालं की जसे मला चार पाय. मी खालच्या बाजूनं वळसा घातला, डुक्कर आणि बार्तुली यांच्या मधे गेले, आणि हातात आलेल्या फांदीनं त्याच्या मागच्या उजव्या पायावर एकच घाव घातला. मोजून. मारायला नाही, फिरवायला. हाड वाजलं. ते ओरडलं, वळलं आणि लंगडत वरच्या काठावर चढलं, जंगलात गेलं. मी हात चोळत राहिले. त्याचं शेपूट झाडीत दिसेनासं होईपर्यंत मी स्वप्न फुटू दिलं नाही.

मग माझ्यामागं बंदूक वाजली. जवळून. त्या आवाजानं जागी झाले.

डावा कान दुखतोय. ओल आहे हवेत.

८ नोव्हेंबर

ट्रक दहाव्या वळणावर दरीत गेला. ओंडके खालच्या ओढ्यापर्यंत घरंगळले. ओर्सुला दारातून बाहेर फेकलं, तो झाडीत अडकला. उजवा पाय मांडीत मोडलाय. बाकी ओरखडे. दवाखान्यातून निरोप आलाय की तो परिचारिकेला सिगारेट मागतोय.

सावेरिया माझ्या पायाशी बसून माझे गुडघे धरून रडली. मी म्हटलं, उठ, कॉफी कर, आज मी पिते. प्यायले. बेचवच होती.

२३ नोव्हेंबर

ओर्सु घरी आलाय. पाय पाटावर, तोंड अखंड चालू. "आई, तीन वेळा लापशी म्हणालो होतो, तू मनावर घेतलंस." नुंझियानं त्याच्या प्लास्टरवर घंटा बांधलीय.

आज बार्तुली आला. घंटा नव्हत्या आणल्या. एक अख्खं चीज आणलं होतं, मोठं, लग्नाला देतात तसं. दारातच टोपी काढली. तीस वर्षं ओळखते, माझ्यासाठी टोपी काढलेली पहिल्यांदा पाहिली. बसला, पण माझ्या तोंडाकडं बघेना.

"बार्तुली, बघितलंस ना? डुक्कर वर गेलं."

"बघितलं."

"मग बंदूक कशावर झाडलीस? वाऱ्यावर?"

तो टोपीची कड फिरवत बसला. "एक बकरी पाण्यात उतरली होती. म्हातारी. डुकराच्या मागून आली, मधे उभी राहिली."

"लागली?"

"लागली."

"कोण होतं?"

"ओळख पटली नाही," म्हणाला. मग टोपी गुडघ्यावर ठेवून, "डावा कान फाटलेला होता."

"फाटक्या कानाच्या बकऱ्या काय थोड्या आहेत? तुझे डोळे गेले, बार्तुली. आता घंटाच विक."

तो हसला नाही. उठला, वाकून माझ्या हाताचं चुंबन घेतलं, जसं पाद्रीबाबांचं घेतात, आणि गेला. चीज मात्र उत्तम आहे. बिचाऱ्या त्या सोर्बेल्लाच्या कुणा म्हातारीचं वाईट वाटतं. पण वर्ष आहे तिच्याकडं, काय करायचं ते करून घेईल.

सावेरिया, काय झालं? पान का ओलं करतेस? अक्षर फुटेल. मघापासून हिचं हे असंच, नवरा जिवंत आला तरी रडते.

मी ठरवलंय, अक्षर शिकायचं. तिथं वाचायची चटक लागली आणि तिथं आता मी जात नाही. त्या दिवसापासून एकही स्वप्न नाही, रात्र नुसती काळी. तेव्हा जागेपणीच वाचावं लागेल. पुढच्या मृतांच्या दिवशी चौकात जाऊन भावाचं नाव मोठ्यानं वाचणार आहे, पोस्टमास्तरच्या बायकोसमोर. नुंझिया शाळेच्या पुस्तकात पहिल्या ओळीवर आहे, तिला मागं टाकते. सावकाश, आठवड्याला एक अक्षर.

सावेरिया म्हणते, रोज दोन घेऊ.

एवढी घाई कशाला, म्हटलं.

ती म्हणते, रोज दोन, आई. जमली तर तीन.